उशिरा येणारा आवाज

३ जून

प्रिय ढब्बू,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोन बाहेरच्या खोलीत, हेही बाहेरच्या खोलीत. बोलणं गेल्यापासून यांचे कान इतके तिखट झालेत की मी आत ओट्याशी पुटपुटले तरी बाहेर मान वळते. यांच्याबद्दल काही बोलायचं तर लिहिण्यावाचून मला इलाज नाही.

ऑपरेशननंतर घसा आता बरा आहे. डॉक्टर खूश आहेत. ते म्हणतात, घशाला लावायचं एक यंत्र मिळतं, शिकायला या, थोडंफार बोलता येईल. हे एकदा गेले. यंत्रातून आपला आवाज कसा निघतो तो ऐकला, यंत्र टेबलावर ठेवलं आणि चपला घालून घरी आले. मी पाटी आणून दिली. सुरुवातीला तिच्यावर 'चहा', 'पंखा' एवढं उमटायचं. आता तेही बंद. नुसती मान हलवतात, आणि होकाराची मान कुठली नि नकाराची कुठली हे मलाही उमगेनासं झालंय.

हा माणूस कोण होता ते तुला सांगायला नको. आयुष्यभर बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. घरातसुद्धा नळाला पाणी आलं की फलाट क्रमांकासकट जाहीर करायचे. चिंगीच्या लग्नात माइक बापाच्याच हातात असणार, हे तर ती पाळण्यात असतानाच सांगून झालं होतं. आता डिसेंबरात लग्न ठरलंय. साधंच आहे, सकाळी नोंदणी आणि संध्याकाळी एका हॉलमध्ये माणसं. चिंगीने फोनवर तारीख सांगितली. यांनी ऐकून घेतलं, कधी नव्हे ती पाटी ओढली आणि लिहिलं, 'तू एकटी जा.'

मी पाटी पुसून ठेवली.

यांच्या निरोप समारंभाची छोटी टेप तुझ्याकडेच आहे ना? कॅमेरा तुझा होता म्हणून विचारते. ती आमच्या घरच्या प्लेअरवर लागेल अशी करून पाठव. चिंगी म्हणते मोबाइलवर टाकू, पण तेवढ्याशा पडद्यात यांना काही दिसत नाही, आणि मोबाइल हातात दिला की उलटा ठेवतात.

तुझी,
ताई


११ जून

प्रिय ताई,

काम योग्य माणसाकडे दिलंस! आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर अडला की मलाच बोलवायचे, कारण तो बंद करून पुन्हा चालू करण्याचं धाडस दुसऱ्या कुणात नव्हतं. निवृत्तीनंतर या विद्येला कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटत होतं. तुझं पत्र आलं आणि मी शर्ट इस्त्री करून कामाला बसलो.

टेप सापडली. कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरला जोडली, टेप जेवढी लांब तेवढा वेळ समोर बसून राहिलो आणि सगळा समारंभ आत उतरवून घेतला. मग त्याची डिस्क राइट केली. सोबत जोडली आहे. माझ्या कॉम्प्युटरवर झकास लागते.

आपल्याच निरोप समारंभाचं सूत्रसंचालन स्वतः करणारा माणूस भाऊजींखेरीज दुसरा झाला नसेल. दुसऱ्या कुणावर माइकचा भरवसाच नव्हता त्यांचा.

पण ताई, एक विचारतो. तो आवाज ऐकून त्यांना त्रास तर होणार नाही ना?

तुझा,
ढब्बू


१९ जून

प्रिय ढब्बू,

डिस्क लावली. प्लेअर म्हणतो, 'नो डिस्क.' मी काढून पुन्हा लावली. पदराने पुसून लावली. उलटी करून लावली. काहीही केलं तरी तो आपला 'नो डिस्क'. आत चकती फिरतेय ती मला दिसतेय आणि हा तोंडावर सांगतोय की डिस्कच नाही. यांनी वर्तमानपत्राआडून एकदा बघितलं आणि पान उलटलं.

तू विचारलंस त्याची भीती मलाही आहे. पण न ऐकवून तरी कुठे काय भलं झालंय? आणि खरं सांगू का, मलाच ऐकायचाय. सकाळी उठले की घर इतकं गप्प असतं की मी उगाच भांडी वाजवते.

ताई


२६ जून

प्रिय ताई,

चूक माझी, प्लेअर बिचारा निर्दोष आहे. मी डिस्कवर नुसती फाइल ठेवली होती, कपाटात कागद ठेवावा तशी. कॉम्प्युटरला ती वाचता येते. तुझ्या प्लेअरचं शिक्षण जुन्या पद्धतीचं आहे. त्याला चित्रफीत त्याच्याच साच्यात बदलून, त्याच्या ओळखीच्या फोल्डरात मांडून द्यावी लागते. हे डिस्कच्या पुडक्यावर छापलेलं होतं म्हणे. मी पुडकं फोडून फेकलं होतं. ते कचऱ्यातून काढून वाचलं.

आता साचा बदलून नवी डिस्क केली आहे. बदलायला इतका वेळ लागला की तुझी वहिनी म्हणाली, एवढ्यात तुम्ही स्वतः जाऊन तो समारंभ त्यांना करून दाखवला असता. पण आता काळजी नाही. कॉम्प्युटरवर एकदम छान लागते.

ढब्बू


४ जुलै

ढब्बू,

कॉम्प्युटरवर छान लागते हे वाक्य आता लिहू नकोस. आमच्याकडे 'रीडिंग' असं येतं आणि ते वाचतच बसतं. मी चहा केला, प्यायले, कप विसळला, तरी याचं वाचन संपेना. परीक्षेला बसलाय की काय कोण जाणे.

एक झालं मात्र. तुझी पार्सलं आली की हे कात्री आणून देतात. तोंडावर काही दाखवत नाहीत. पण कात्री आणतात.

ताई


१२ जुलै

प्रिय ताई,

मी डिस्क बंदच केली नव्हती. म्हणजे कसं, राइट करून झालं की शेवटी तिला 'आता यावर आणखी काही लिहायचं नाही' असं सांगून मिटवावं लागतं. त्यासाठी पडद्यावरच्या एका चौकोनात खूण करायची असते, ती मी केली नाही. मला वाटलं, पुढेमागे आणखी काही घालता येईल, उघडी असू दे. माझी भाषणंही अशीच असायची, असं वहिनी म्हणते. कॉम्प्युटर उघडी डिस्कही समजून घेतो. प्लेअर म्हणतो, आधी तुमचं आटपू दे, मग बघू.

तिसरी पाठवतो आहे. या वेळी खूण केली, दोनदा पाहिली. सुरुवातीला टेपवर नुसता निळा पडदा होता, तोही कापून टाकला. तुम्हाला ताटकळत ठेवायला नको. सुरुवात तपासली, रिकाम्या खुर्च्या व्यवस्थित दिसतात. शेवट तपासला, टाळ्या वाजवणारे हातही व्यवस्थित दिसतात.

आता लागली नाही तर मी नाव बदलीन. तसं तुम्ही ते लहानपणीच बदललेलं आहे.

ढब्बू


१९ जुलै

(पोस्टकार्ड)

ढब्बू, डिस्क लागली. यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी. मध्येच उठून बाहेर गेले. आता दुसरी पाठवू नकोस. सविस्तर लिहिते. ताई


२४ जुलै

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळाल्यापासून माझं कशात लक्ष नाही. मीच विचारलं होतं त्रास होईल का म्हणून, आणि मीच डिस्कमागून डिस्क पाठवत राहिलो. कारण मला ती लावून दाखवायची होती. भाऊजींना काय वाटेल याच्यापेक्षा प्लेअरला काय वाटेल याचाच मी जास्त विचार केला, असा मी मेहुणा.

त्यात आणखी भर ऐक. कार्ड आलं त्याच दिवशी मी एका दुरुस्तीच्या दुकानातून जुना प्लेअर आणि खोकेवाला टीव्ही उचलून आणला. म्हटलं, निदान त्यांनी काय पाहिलं ते तरी पाहू. डिस्क लावली आणि खुर्चीत बसलो तो उठवेना.

पहिली गोष्ट, सगळे जाडे! पडद्याचा आकार निवडताना मी रुंद टीव्हीचा निवडला, त्यामुळे तुमच्या टीव्हीवर माणसं वरून दाबल्यासारखी बुटकी आणि ऐसपैस दिसतात. डेपो मॅनेजर तर दारातून कसे आले असतील असा प्रश्न पडतो. मी सगळ्यांत जाडा. ते पडद्यामुळे की कसं ते तूच ठरव.

दुसरी गोष्ट याहून वाईट. तो निळा पडदा मी चित्रातून कापला, आवाजातून कापायचा राहिला. म्हणून चित्र पुढे धावतं आणि आवाज दहा-बारा सेकंद मागून येतो. भाऊजी माइकशी तोंड हलवतात तेव्हा आपल्याला खुर्च्या सरकवल्याचं ऐकू येतं. ते मला माइक देऊन बाजूला होतात. मी उभा राहतो, छातीवर हात ठेवतो, तोंड उघडतो. आणि माझ्या तोंडातून भाऊजींच्या खणखणीत आवाजात निघतं, 'आता आमचे मेहुणे दोन शब्द बोलतील. ज्यांच्या गाड्या सुटायच्या असतील त्यांनी आत्ताच निघावं. हा माणूस स्वभावाने गरीब आहे, पण माइक हातात आला की त्याला ब्रेक लागत नाहीत, हे मी डेपोच्या माणसांसमोर जबाबदारीने सांगतो!' आणि मी वर मान डोलावतोय, ताई. माझीच निंदा मी माझ्याच तोंडाने करतोय आणि स्वतःला दाद देतोय.

पुढे माझं भाषण संपतं, मी जागेवर बसतो, डेपो मॅनेजर पाण्याचा ग्लास तोंडाला लावतात आणि त्यांच्या पोटातून माझा आवाज येतो, 'आणि शेवटी एकच सांगतो.'

हे मला आधी का कळलं नाही? तिसऱ्या डिस्कचा मधला भाग मी तपासलाच नव्हता. मधे माझं भाषण आहे, म्हटलं ते माझ्याच्याने ऐकवणार नाही. ही झाली विनोदाची बाजू. खरं सांगायचं तर भाऊजींचा आवाज मला ऐकवेना. पहिल्या दिवशी टेप उतरवताना त्यांनी 'नमस्कार मंडळी' म्हटलं आणि मी आवाजाचं बटण खाली ओढलं. पुढचं सगळं काम मुक्यानेच केलं.

ज्या माणसाचा आवाज गेला त्याला मी त्याचाच आवाज दुसऱ्याच्या तोंडात घालून पाठवला. त्यांची माफी कोणत्या तोंडाने मागू ते सांग.

ढब्बू


३० जुलै

अरे वेड्या ढब्बू,

चूक माझी. कार्डावर जागा नव्हती आणि पोस्टमन दारात उभा होता. हे रडले कुठे, हसले! हसून हसून डोळ्यांतून पाणी.

नीट सांगते. डिस्क लागली तेव्हा हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. बराच वेळ नुसत्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. मग 'नमस्कार मंडळी' आलं. यांचा आवाज, ढब्बू. तो घरभर झाला. मी पदर तोंडात कोंबला. यांची पाठ ताठ झाली, पण वळले नाहीत. मला वाटलं, आपण मोठी चूक केली, आता बंद करावी. मी उठले, आणि तेवढ्यात तो ढोलासारखा तू उभा राहिलास, छातीवर हात, आणि 'आता आमचे मेहुणे' सुरू झालं.

हे वळले. बघितलं. पुन्हा बघितलं. आधी खांदे हलले. मला कळेना, खोकला आला की काय. हसण्याचा आवाज येत नाही ना आता. तोंड उघडं, मान मागे, खुर्चीचा हात बडवतायत आणि घशातून चकार आवाज नाही. तू 'ब्रेक लागत नाहीत' म्हणालास तेव्हा मात्र उठून गॅलरीत गेले, कठडा धरून हसले, आणि आत येऊन पहिल्यापासून लाव अशी खूण केली. त्या दिवशी मी ती किती वेळा लावली याचा हिशेब नाही. डेपो मॅनेजरच्या पोटातून तू बोलतोस तिथे तर दर वेळी थांबवायला लावतात.

संध्याकाळी मी पाटी समोर ठेवली. यांनी लिहिलं, 'बरोबर बोलतो.' मी विचारलं, कोण? तर लिहिलं, 'मेहुणा. पहिल्यांदाच.'

म्हणून म्हटलं, दुसरी पाठवू नकोस. हीच पुरे. आता तू उगाच सुतकी पत्रं लिहू नकोस, मीही हसून घेते जरा.

लग्नाचं मात्र अजून काही नाही. मी विचारलं की पाटी पालथी घालतात.

ताई


८ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आयुष्यभर तुम्ही लोकांना हसवायचा प्रयत्न करत होतात, शेवटी आवाज बंद केल्यावर जमलं.

नको म्हणालीस तरी चौथी डिस्क पाठवतो आहे. माणसाला थोडा स्वाभिमान असतो. आवाज पाच ठिकाणी ओठांशी जुळवला, आकार नीट केला, सगळे पुन्हा बारीक झाले, मीसुद्धा बऱ्यापैकी. डिस्क बंद केली. आणि दुकानातून आणलेल्या प्लेअरवर अथपासून इतिपर्यंत पाहिली, माझ्या भाषणासकट. भाऊजी चुकीचं काही बोलले नव्हते.

त्यांचा आवाज या वेळी पूर्ण ऐकला. शेवटी ते म्हणतात ना, 'माझी गाडी सुटते आहे, मागे राहणाऱ्यांनी काळजी घ्यावी,' तिथे डिस्क थांबवली. मग पुन्हा लावलं.

मी भाऊजींना वेगळं काही लिहीत नाही. काय लिहायचं ते कळत नाही, आणि मला ब्रेक लागत नाहीत हे त्यांना माहीत आहे.

ढब्बू


१७ ऑगस्ट

प्रिय मेहुणेबुवा,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. पुकारा करणाऱ्याला अक्षर लागत नाही, त्यामुळे आहे ते असं आहे.

तुमची चौथी डिस्क मिळाली. आवाज ओठांशी आहे, माणसं आपापल्या आकाराची आहेत, कुठेही अडत नाही. काम चोख. पाहिली आणि कपाटात ठेवून दिली. ती बघताना मला माझा गेलेला आवाज ऐकू येतो, बाकी काही नाही. तिसरी मात्र रोज लावतो. तिच्यात माझा आवाज गेलेला नाही, नुसता दुसऱ्या फलाटावर लागलेला आहे. इतकी वर्षं मी तेच तर पुकारत होतो. गाडी रद्द झालेली नाही, फलाट बदलला आहे, प्रवाशांनी गोंधळून जाऊ नये. हे मला स्वतःला सांगायचं कसं राहिलं?

तुमच्या ताईला अजून बोललो नाही, म्हणजे लिहिलं नाही, पण मी लग्नाला येतो आहे. चिंगीला तुम्हीच कळवा. इथून कळवलं तर ती रडेल, आणि मला फोनवर ते नुसतं ऐकत बसावं लागेल.

एक काम तुमच्याकडे आहे. संध्याकाळी हॉलमध्ये माइकशी तुम्ही उभे राहा. मी शेजारी उभा राहीन. सगळं मी लिहून आणणार आहे, पानं मीच पुढे करीन. तुम्ही वाचायचं. स्वतःच्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. घातलंत तर पाय देईन पायावर. सुरुवात आत्ताच लिहून पाठवतो, तालीम करून ठेवा, घाई करू नका, वाक्य संपलं की श्वास घ्या:

'नमस्कार मंडळी. आवाज मेहुण्यांचा आहे, तो सहन करावा. बोलणारा माणूस त्यांच्या शेजारी उभा आहे. तो वधूचा बाप आहे, आणि आज तो फार खूश आहे.'

इथे तुमचा गळा भरून येईल, मी ओळखतो तुम्हाला. येऊ देऊ नका. तो गळा त्या संध्याकाळपुरता माझा आहे, जपून वापरा.

तुमचे,
भाऊजी